शनिवारचा रस्सा आणि अस्वल : हाय पॉइंट स्टेट पार्कमधल्या एका मुक्कामाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण कशासाठी

दर उन्हाळ्यात न्यू जर्सीतली ओळखीची मराठी कुटुंबं पहिल्यांदा कॅम्पिंगला निघतात आणि काही जण निघण्याआधी माझ्याशी बोलतात. तंबू कुठला घ्यावा, गादीत हवा कशी भरायची, पाऊस आला तर काय, असे प्रश्न असतात. जेवणाचा विषय सगळ्यात शेवटी निघतो आणि तोही ‘काय काय न्यायचं’ एवढ्यापुरताच. माझ्या मते तो सगळ्यात आधी निघायला हवा. अस्वलांच्या रानात जेवणाचा बेत ठरला की मुक्कामाचं बाकी बरंच काही त्यातूनच ठरतं. शेगडी किती वाजता पेटणार, अंधार पडेपर्यंत किती खरकटी भांडी उरणार, वास किती वेळ दरवळणार, झोपताना तंबूत काय राहणार, हे सगळं त्या एका यादीत असतं.

खालचं प्रकरण पाच कुटुंबांच्या एका गटाचं आहे. पाचांपैकी चार कुटुंबांशी मी वेगवेगळं बोलले. त्यांच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून नावं दिलेली नाहीत आणि कुटुंबांचे काही तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

हाय पॉइंट स्टेट पार्क न्यू जर्सीच्या अगदी वायव्य टोकाला, ससेक्स काउंटीत, किटाटिनी डोंगररांगेवर आहे. जमीन कुसर दांपत्याने १९२३ साली राज्याला दिली. राज्यातलं सर्वांत उंच ठिकाण इथेच आहे, उंची १,८०३ फूट. त्यावर २२० फुटी स्मारक उभं आहे आणि तिथून न्यू जर्सी, न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनिया अशी तीन राज्यं दिसतात. मध्य न्यू जर्सीतल्या एडिसनहून अंतर सुमारे ७० मैल. महामार्ग २८७ वरून रूट २३ धरला की वाहतूक नसेल तर दीड-पावणेदोन तासांत माणूस ओक-मेपलच्या दाट सावलीत पोचतो. तंबूंच्या जागा सॉमिल तळ्याच्या परिसरात आहेत. प्रत्येक जागेवर लाकडी टेबल आणि शेकोटीचं लोखंडी कडं असतं. शौचालय चालत जाण्याच्या अंतरावर. एका जागेवर किती माणसं, किती तंबू याला मर्यादा असते.

अस्वलांबद्दल थोडं. अमेरिकन काळी अस्वलं आता न्यू जर्सीच्या २१ ही काउंट्यांमध्ये दिसल्याची नोंद आहे, पण त्यांची खरी वस्ती याच वायव्य भागात. जूनमध्ये त्यांचा वावर वाढलेला असतो. माद्यांचा माजावर येण्याचा काळ असतो आणि आईपासून नुकती सुटलेली दीड वर्षांची पिल्लं स्वतःचा इलाखा शोधत भटकत असतात. अशा कोवळ्या अस्वलाला एकदा माणसाच्या वस्तीत खायला मिळालं की ते पुन्हा तिथेच येतं.

गट असा : मिडलसेक्स काउंटीतली पाच कुटुंबं, एकूण वीस माणसं. त्यांत आठ मुलं, सगळ्यात लहान चार वर्षांचं, सगळ्यात मोठी पंधरा वर्षांची मुलगी. एका कुटुंबाकडे भारतातून सहा महिन्यांसाठी आई-वडील आले होते. आजींना मधुमेह, इन्सुलिन चालू. आजोबा चंद्रपूर जिल्ह्यात जंगलालगतच्या शाळांवर शिक्षक म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. कॅम्पिंगचा अनुभव पाचांपैकी दोनच कुटुंबांना होता. त्यातले एक गृहस्थ संयोजक होते.

आरक्षण उशिरा केल्यामुळे चारही जागा एकत्र मिळाल्या नाहीत. दोन शेजारी-शेजारी आणि दोन रस्त्याच्या पलीकडे, वळणाआड. ही गोष्ट तेव्हा कुणाला महत्त्वाची वाटली नाही.

बेत कसा ठरला

संयोजकांनी निघण्याआधी व्हॉट्सॲप गटावर दोन गोष्टी टाकल्या होत्या : राज्याच्या वन्यजीव विभागाचं अस्वलांविषयीचं माहितीपत्रक आणि जेवणाच्या बेतासाठी एक कोरी यादी. माहितीपत्रक तिघांनी वाचलं. यादी मात्र दोन दिवसांत भरून गेली.

शुक्रवारी रात्री पावभाजी. शनिवारी सकाळी मिसळ, दुपारी सँडविच आणि मक्याची कणसं, रात्री कोंबडीचा रस्सा, भाकरी, भात, शाकाहारी लोकांना भरली वांगी. रविवारी पोहे. मधल्या वेळेला चिवडा, दाण्याचे लाडू, चकल्या. एका काकूंनी सुकटाची चटणी आणली. स्वयंपाकाची धुरा गटातल्या वयाने मोठ्या ताईंकडे होती. मंडळाच्या कार्यक्रमांत दोनशे पानं लीलया उठवणाऱ्या त्या. त्यांच्या हातच्या रश्शासाठी लोक येतात हे गटात सगळ्यांना माहीत.

पहिला निर्णयाचा क्षण हाच होता आणि तो कुणाच्या लक्षातही आला नाही. संयोजकांनी मला सांगितलं की रात्रीच्या रश्शाबद्दल त्यांच्या मनात शंका आली होती. ताटं, पातेली, हाडं, तेलकट पाणी, हे सगळं अंधारात आवरायचं कसं? पण ताईंनी एवढ्या प्रेमाने अंगावर घेतलेलं काम, त्यांना ‘हे नको’ कसं म्हणायचं म्हणून ते गप्प राहिले. ताईंशी बोलले तेव्हा त्या म्हणाल्या, “मला कुणी सांगितलं असतं तर मी दुपारी केला असता ना! मला काय माहीत तिथे अंधारात काय होतं ते.” मला दोघांचंही पटतं. आपल्याकडे जेवण घालणं ही माया आहे, त्यामुळे बेतावर बोलणं म्हणजे माणसावर बोलणं असं वाटतं. कुणाचंही मन न दुखावता हे बोलायचं असेल तर ते यादी कोरी असताना बोलायला हवं. यादी भरल्यावर ते जड जातं.

शुक्रवार : काही झालं नाही

शुक्रवारची संध्याकाळ, २८७ वर गाड्यांची रांग. पहिली गाडी साडेसातला पोचली, शेवटची सव्वानऊला. जूनच्या शेवटी तिथे सूर्यास्त साडेआठच्या सुमाराला होतो, म्हणजे निम्मे तंबू डोक्यावरच्या दिव्यांच्या उजेडात लागले. पावभाजी दहाला झाली. खरकटी भांडी टबात पाणी घालून टेबलावर तशीच ठेवली, कूलर टेबलाखाली आणि सगळे आडवे झाले.

रात्रीतून काहीही आलं नाही.

या शांत रात्रीने सगळ्यात जास्त नुकसान केलं असं मला वाटतं. शनिवारी सकाळी संयोजकांनी कूलर गाडीत ठेवायचा विषय काढला तेव्हा एकाने सहज म्हटलं, “काल तर बाहेरच होता.” त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. पण अस्वल एका रात्री आलं नाही याचा अर्थ त्याला अजून वास लागला नाही किंवा त्या रात्री ते दुसरीकडे होतं, एवढाच असतो. आदल्या रात्रीचा वास मात्र परिसरात राहिलेला असतो.

शनिवार : अडचण उभी राहते

दुपार लेक मार्सियाच्या पाण्यात आणि स्मारकाजवळ छान गेली. पाचच्या सुमाराला गडगडाट सुरू झाला. हवामानाच्या अंदाजात तो होता, त्यामुळे सगळे वेळेवर गाड्यांत बसले. विजा चमकत असताना तंबूत न थांबता गाडीत बसण्याचा हा निर्णय उत्तम होता आणि तो कुणी वाद न घालता घेतला. साडेसहाला पाऊस थांबला.

खरी निवड तेव्हा करायची होती. सरपण ओलं, उजेड दोन तासांचा, वीस माणसं भुकेली. ब्रेड, चिवडा, दुपारची उरलेली कणसं, फळं, दही-भात यांवर रात्र निघाली असती. पण कोंबडी मुरत ठेवलेली होती, ती उद्यापर्यंत टिकली नसती. सव्वासातला शेगडी पेटली. सुकं खोबरं आणि कांदा भाजला गेला, वाटण झालं. पावसानंतरच्या ओल्या, थांबलेल्या हवेत तो वास रानात किती लांब गेला असेल याची कल्पना करता येते. अस्वलाचं नाक कुत्र्यापेक्षाही तीक्ष्ण असतं.

पंगत पावणेनऊला बसली. वीसच्या वीस माणसं मुख्य जागेवर. रस्त्यापलीकडच्या दोन जागांवर कुणीही नव्हतं. तिथे टेबलाखाली एक कूलर, फांदीला माणसाच्या उंचीवर बांधलेली कचऱ्याची पिशवी आणि तिच्यात दुपारची कणसं.

नऊ वाजून गेल्यावर एक बाबा आपल्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन शौचालयाकडे निघाले. वळण घेतलं तर साधारण पन्नास फुटांवर, फाटलेल्या पिशवीशी एक अस्वल बसलेलं.

हे बाबा माहितीपत्रक वाचलेल्या तिघांपैकी एक होते. ते थबकले, मुलाला उचललं, अस्वलाकडे पाठ न करता हळूहळू मागे सरकले आणि मोठ्या पण सरळ आवाजात बोलत राहिले, म्हणजे अस्वलाला माणूस असल्याचं कळावं. पळाले नाहीत. अस्वल माणसापेक्षा खूप वेगाने धावतं आणि पळणाऱ्याच्या मागे लागण्याची त्याला उपजत ओढ असते. वळणाआड आल्यावर त्यांनी बाकीच्यांना हाक मारली.

पुढची दहा मिनिटं

दहा-बारा मोठी माणसं पातेली-झारे वाजवत वळणापर्यंत गेली. तीन मुलगे फोन काढून पुढे सरकले. त्यांतला एक इतरांच्या पंधरा फूट पुढे गेला तेव्हा त्याच्या आईने त्याला मागे ओढलं. हे लिहिताना मला २०१४ चा सप्टेंबर आठवतो. वेस्ट मिलफर्डजवळच्या अपशावा राखीव वनात पाच तरुण फिरायला गेले होते. अस्वल दिसल्यावर फोटो काढले गेले, ते मागे येऊ लागल्यावर पाचही जण वेगवेगळ्या दिशांना पळाले आणि त्यातला रटगर्सचा एक विद्यार्थी जिवाला मुकला. न्यू जर्सीत काळ्या अस्वलाच्या हल्ल्यातला तो पहिला नोंदलेला मृत्यू. आपल्याच भारतीय समाजातलं घर होतं ते. तेव्हापासून मी प्रत्येक गटाला सांगते की अशा वेळी फोन खिशातच राहू द्या.

आवाजाने अस्वल वीसेक पावलं मागे गेलं आणि थांबलं. जबडा वाजवू लागलं, फुस्कारे टाकू लागलं. माणसं आणखी पुढे सरली. पंधरा वर्षांची मुलगी स्काउटमध्ये होती. तिने पाहिलं की माणसांचं अर्धवर्तुळ झालं आहे आणि अस्वलाच्या मागे तळं आहे. ती म्हणाली, “काका, त्याला जायला जागाच नाहीये. डावीकडचे सगळे इकडे या.” जबडा वाजवणं, फुस्कारणं, जमिनीवर पंजा आपटणं म्हणजे ‘फार जवळ आलात’ हा इशारा असतो. त्यावर पुढे जायचं नसतं. माणसं मागे हटली, डावी बाजू मोकळी झाली आणि मिनिटभरात अस्वल त्या बाजूने झाडीत शिरलं.

या प्रकरणातली सगळ्यात चांगली गोष्ट मला ही वाटते. एका मुलीने दहा मोठ्यांना थांबवलं आणि त्यांनी तिचं ऐकलं.

कोणते पर्याय होते

आजोबांचं म्हणणं ठाम होतं : सगळ्यांनी आत्ताच्या आत्ता गाड्यांत बसा आणि घरी चला. त्यांच्या बोलण्याला आधार होता. विदर्भातल्या रानात मोहाची फुलं वेचायला गेलेल्या माणसांना अस्वलाने फाडल्याच्या घटना त्यांनी जवळून पाहिल्या होत्या. आपल्याकडचं अस्वल अचानक समोर आलेल्या माणसावर थेट चाल करून येतं. अमेरिकेतलं काळं अस्वल बहुतेक वेळा आवाजाने हटतं, झाडावर चढतं किंवा निघून जातं. पण अन्न सोडायला नाखूष असलेल्या अस्वलाबद्दल हा भरवसा कमी होतो आणि हे तर वीस पावलांवर थांबलं होतं. म्हणून आजोबांची भीती जुनी असली तरी निराधार नव्हती.

सामान आवरून तिथेच राहणं हा दुसरा मार्ग. तिसरा, पोर्ट जर्व्हिस या जवळच्या गावात किंवा रूट २३ वर एखादं मोटेल शोधून निदान आजी-आजोबा आणि लहान मुलांना तिथे नेणं. चौथा, काहींनी गाडीत आणि काहींनी तंबूत झोपणं.

घरी जाण्याविरुद्ध मुद्दे वजनदार होते. पाचांपैकी तीन चालक पहाटेपासून जागे, रस्ता ओला, दोन तासांचा प्रवास आणि ससेक्समधल्या अंधाऱ्या रस्त्यांवर हरणं गाडीसमोर येतात. मोटेलचा पर्याय मात्र नीट तपासलाच गेला नाही. दरीत फोनला सिग्नल नव्हता हे खरं, पण सिग्नलसाठी रूट २३ पर्यंत गाडी पुढे जाणारच होती, तिथून दोन फोन करता आले असते. दोघांनी मला मोकळेपणाने सांगितलं की मोटेलात जाणं म्हणजे हार मानल्यासारखं वाटलं. रात्री साडेनऊला, घाबरलेली मुलं आणि इन्सुलिनवर असलेल्या आजी सोबत असताना, हा विचार बाजूला ठेवायला हवा होता.

काय केलं

चौथा मार्ग ठरला आणि एकदा ठरल्यावर काम शिस्तीत झालं.

दोघे मिळून रूट २३ कडे गेले आणि पर्यावरण विभागाच्या चोवीस तास चालणाऱ्या क्रमांकावर कळवलं. साडेदहाच्या सुमाराला उद्यानाचे अधिकारी आले. त्यांनी सगळी जागा पाहिली, शेजारच्या मुक्कामांना सावध केलं आणि शांतपणे समजावलं. असं अस्वल वारंवार येऊ लागलं तर आधी त्याला पकडून, रबरी छरे आणि मोठे आवाज वापरून माणसांची धास्ती बसवतात. तरीही ते तंबूत किंवा घरात शिरू लागलं, माणसांना धोका ठरलं, तर त्याला मारावं लागतं. अस्वलाला जाणूनबुजून खायला घालणं राज्यात गुन्हा आहे, दंड हजार डॉलरपर्यंत. इथे तसं कुणी केलेलं नव्हतं. पण ताईंना त्या रात्री झोप लागली नाही ती दंडाच्या विचाराने नाही. “माझ्या कणसांपायी त्या मुक्या जिवाला गोळी बसायची,” असं त्या मला दोनदा म्हणाल्या.

अर्धं पातेलं रस्सा उरला होता. रानात खड्डा करून ओतू, शौचालयात ओतू, शेकोटीत टाकू, अशा सूचना आल्या. तिन्ही नाकारल्या गेल्या ते बरं झालं. पुरलेलं अस्वल उकरतं, अर्धवट जळलेल्या हाडांचा वास आणखी पसरतो आणि शौचालय तुंबलं तर सगळ्या मुक्कामाचे हाल. रस्सा जाड पिशव्यांत, एकावर एक दोन पिशव्या घालून, बंद डब्यांत गेला. भांडी कागदाने पुसून मग धुतली, कागद आणि धुतल्यावर गाळलेलं खरकटं पिशव्यांत बांधलं. सगळे कूलर, डबे, मसाले, टूथपेस्ट, साबण आणि मुलांचं क्रीमसुद्धा दोन गाड्यांच्या बंद ट्रंकमध्ये. त्या गाड्या तंबूंपासून लांब, वाहनतळाच्या कडेला लावल्या. रश्शाचा वास लागलेले कपडे त्याच गाड्यांत.

मग आजींच्या उशाशी दोन लाडू आणि बिस्किटं सापडली. रात्री साखर उतरली तर लागतात म्हणून त्या नेहमी जवळ ठेवतात. तंबूत अन्न नको आणि आजींपासून अन्न दूर नको, असा पेच. सुनेने तोडगा काढला. लाडू गाडीत गेले, ग्लुकोजच्या गोळ्या आणि चार बिस्किटं घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात राहिली आणि आजी-आजोबा मिनीव्हॅनमध्ये झोपले, काचा बोटभरही उघड्या न ठेवता, मुलगा पुढच्या सीटवर. अन्न आणि माणूस एका गाडीत असू नये हे खरं, पण त्या रात्री याहून बरा तोडगा मला सुचत नाही. दुसऱ्या मिनीव्हॅनमध्ये तीन लहान मुलं आणि दोन आया. रस्त्यापलीकडचे तंबू उपटून आणता आले नाहीत, ते रिकामेच राहिले. बाकी सगळे मुख्य जागेवर एकत्र, आणि दोघे-दोघे पाळीने जागे.

परिणाम

रात्री दीडच्या सुमाराला पलीकडच्या जागेवरून कापड फाटल्याचा आवाज आला. पहारेकऱ्यांनी हॉर्न वाजवला. सकाळी पाहिलं तर एका तंबूची बाजू उभी फाटलेली होती. आत खायचं काही नव्हतं, पण दुपारी एका मुलाने त्यात बसून कणीस खाल्लं होतं. त्या तंबूत रात्री कुणी झोपलं असतं तर काय झालं असतं याचा अंदाज करत बसण्यात अर्थ नाही. तो रिकामा ठेवला होता एवढं पुरे.

रविवारी दहापर्यंत सगळं आवरून गट निघाला. कुणालाही खरचटलंसुद्धा नाही. एक तंबू आणि एक कूलर गेला.

आणि मग रविवारी रात्री, घरी आंघोळ घालताना, दहा वर्षांच्या मुलीच्या गुडघ्यामागे गोचीड चिकटलेली सापडली. हरणांवरची गोचीड, लाइम आजार पसरवणारी. या दिवसांत तिची पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात, सहज दिसत नाहीत. शनिवारी झोपण्याआधी प्रत्येक मुलाचं अंग तपासायचं ठरलेलं होतं, पण अस्वलाच्या धांदलीत ते राहून गेलं. माझ्या मते या मुक्कामातला जास्त संभाव्य धोका हाच होता. न्यू जर्सी लाइमच्या बाबतीत देशात वरच्या रांगेत असतं. आईने बारीक टोकाच्या चिमट्याने गोचीड कातडीजवळ धरून सरळ वर ओढून काढली, जागा धुतली, गोचीड पिशवीत ठेवली आणि सकाळी डॉक्टरांना दाखवली. गोचीड किती वेळ चिकटली होती यावर बरंच अवलंबून असतं, साधारणपणे चोवीस तासांच्या आत काढली तर धोका कमी. डॉक्टरांनी महिनाभर लाल चट्टा आणि तापावर लक्ष ठेवायला सांगितलं. काही झालं नाही.

काय वेगळं करता आलं असतं

ताईंनी स्वतःच पुढच्या वर्षीचा बेत बदलला आणि तो बदल मला सगळ्यात मोलाचा वाटतो. शुक्रवारी दशम्या, लसणाची चटणी आणि दही घेऊन निघायचं, शेगडी पेटवायचीच नाही. रस्सा शनिवारी दुपारी, भरपूर उजेडात, तंबूंपासून दूरच्या एकाच जागेवर. कोंबडी मोजून, उरणार नाही एवढीच. खोबरं-कांदा घरीच भाजून, वाटण गोठवून आणायचं. यामुळे चवीत काही उणं पडत नाही आणि रानात दरवळणारा सगळ्यात जोरकस वास घरीच राहतो. रात्री थंड जेवण, सातच्या आत. साडेसातला एक जण सगळ्या जागांवर फेरी मारून टेबलं, शेकोट्या, तंबूंचे खिसे पाहणार. तंबूत बसून कुणीही काही खायचं नाही, मुलांनीही नाही.

मी यात दोन गोष्टी जोडते. जागा विखुरलेल्या मिळाल्या तर जेवताना रिकाम्या राहणाऱ्या जागांवर अन्नाचा कणही ठेवू नका, कारण अस्वल माणसं नसलेल्या ठिकाणीच आधी येतं. आणि औषध किंवा साखर रात्री जवळ लागणारं कुणी असेल तर त्यांच्या झोपण्याची सोय घरूनच ठरवून या. शक्य असेल तर त्यांच्यासाठी जवळच्या मोटेलात खोली आधीच राखून ठेवा.

लाकडं पार्कजवळच विकत घ्या, एडिसनहून आणू नका. लाकडांतून किडी एका रानातून दुसऱ्या रानात जातात.

ज्यावर अजून एकमत नाही

पाचांपैकी दोन कुटुंबांचं आजही म्हणणं आहे की रात्रीच निघायला हवं होतं. फाटलेला तंबू हा त्यांचा पुरावा. अस्वल परत येणार हे आजोबांनी सांगितलं होतं आणि ते खरं ठरलं. राहिलेल्यांचं म्हणणं असं की अस्वल परत आलं तेव्हा त्याला काहीही मिळालं नाही, कुणी त्याच्या वाटेत नव्हतं आणि झोपेला आलेल्या चालकांनी ओल्या रूट २३ वर मुलांना घेऊन जाणं याहून धोक्याचं होतं.

मी दुसऱ्या बाजूची आहे, पण एका अटीवर. राहण्याचा निर्णय बरोबर ठरला तो अन्न पूर्णपणे गाड्यांत गेल्यामुळे आणि पलीकडचे तंबू रिकामे ठेवल्यामुळे. यातलं एक जरी जमलं नसतं तर मी आजोबांच्या बाजूने उभी राहिले असते. आणि आजोबांना विचारलं तर ते म्हणतात की चार वर्षांच्या नातवंडाला घेऊन आपण तेव्हाही निघालो असतो, पुढच्या वेळीही निघू. पुढच्या जूनसाठी गटाने जागा राखल्या आहेत. त्यासोबत पोर्ट जर्व्हिसच्या बाजूला आजी-आजोबांसाठी दोन रात्रींची एक खोलीही घेतली आहे. रद्द करण्याची मुदत आदल्या दिवसापर्यंत आहे.